बर्फावर ठेवायची गाडी

सोमवार, ४ जानेवारी १९८२

मॉरीन खोटं बोलते आहे. नव्या वहीच्या पहिल्याच पानावर हे लिहायला नको होतं, पण डोक्यात दुसरं काही नाहीच, तर लिहू काय?

मी तिला विचारलं, उद्या तळ्यावर स्केटिंगला येतेस? म्हणाली, "मंगळवारी नाही जमणार रे." गुरुवारी? "गुरुवारी पण नाही." शनिवारी? तर मान खाली घालून हातमोज्याचा दोरा ओढत बसली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. गेल्या आठवड्यातही हेच तीन वार. इतक्या नेमानं तर कुणी उपासही करत नाही.

"जातेस तरी कुठे?"

"आईला सोबत लागते."

आईला सोबत! मिसेस गॅरिटींना बरं नसतं हे सगळ्या हॅरो लेक गावाला ठाऊक आहे. तोंड सुजलेलं असतं, चर्चच्या गायनाला येणंही सोडलंय. पण त्यांना ग्रँड रॅपिड्सच्या हॉस्पिटलात न्यायला त्यांचा भाऊ येतो, असं खुद्द मिस्टर गॅरिटींनी युनियनच्या हॉलमध्ये चारचौघांत सांगितलेलं आहे. युनियनचा अध्यक्ष खोटं कशाला बोलेल? म्हणजे खोटं बोलते ती मुलगी.

आणि या मुलीसाठी मी लान्सिंगचं कॉलेज सोडून आलो! काका म्हणतात, प्राध्यापकाच्या अंगावर डस्टर फेकलास म्हणून आलास. ते निमित्त झालं. खरं कारण, ऑक्टोबरपासून तिची पत्रं आखूड व्हायला लागली होती. पत्र आखूड झालं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, ७ जानेवारी

पाणी कुठे मुरतंय ते आज पाहिलं.

काकांच्या टोइंगच्या ट्रकवर मी आता कायमचा आहे. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, हे काम. या थंडीत गावात रोज कुणाची ना कुणाची गाडी मान टाकतेच. सकाळी एक गाडी ओढून आणताना हॉफमनच्या पडीक शेताजवळ आलो. हॉफमनबाई फ्लोरिडाला गेल्यापासून तिथे कुत्रंही फिरकत नाही. कोठाराची किल्ली तेवढी गॅरिटींच्या घरी असते, लक्ष ठेवायला म्हणून.

तर कोठाराच्या दारातून एक गाडी बाहेर आली. छोटी, वाटाण्याच्या सालीसारखी हिरवी. टोयोटा! हॅरो लेकमध्ये टोयोटा! पुढे मॉरीन बसली होती. तिची लाल टोपी मी मैलभरावरूनही ओळखीन. चालवणारा पुरुष होता. कानटोपी, नाकापर्यंत मफलर. बर्फ उडत होतं, चेहरा दिसला नाही. अंगाने आडवा, म्हणजे तरुण नाही.

इथला तर नाहीच. आमच्या गावात अर्धे लोक ओतकामाच्या कारखान्यात मोटारींचे भाग ओततात, उरलेले अर्धे त्यांच्या जिवावर जगतात. इथल्या माणसाने जपानी गाडी घेणं म्हणजे पुजाऱ्याने देवळापुढे मटणाचं दुकान टाकणं. हॉलच्या आवारात पाटीच आहे: "परदेशी गाडी इथे लावू नये. टोकियोत लावावी." म्हणजे हा कुणी बाहेरचा. शिकागोचा असेल, विमाकंपनीतला नाहीतर दंतवैद्य. पैसेवाला, वयस्क आणि बहुतेक लग्न झालेला.

आणि कोठाराची किल्ली मॉरीनने घरातून पळवली! बापाच्या नाकाखालून!

मंगळवार, १२ जानेवारी

पुन्हा तेच. पहाटे कोठाराचं दार उघडं, हिरवी गाडी गायब. आत कोण उभं होतं, तर मिस्टर गॅरिटींची स्वतःची लांबलचक गाडी. बापाची गाडी घेऊन ही कोठारापर्यंत येते आणि पुढे त्या माणसाच्या गाडीत बसते. बिचाऱ्या बापाला पत्ताही नाही. दुपारी हॉलवर त्यांना कॉफी पिताना पाहिलं. डोळे खोल गेलेत. अर्धा कारखाना घरी बसवलाय, त्याची काळजी असणार. मला वाटलं, जाऊन सांगावं. पण कुठल्या तोंडाने सांगणार?

गुरुवार, १४ जानेवारी

हॉलमध्ये बैठक. विषय, यंदा बर्फावर कुठली गाडी ठेवायची.

दर जानेवारीत तळं गोठलं की आम्ही एक भंगार गाडी मधोमध नेऊन ठेवतो. तेल-पाणी काढलेली, शेपटाला साखळी बांधलेली. मग वसंतात ती कोणत्या दिवशी, किती वाजता बुडेल यावर तिकिटं काढायची. ज्याचा अंदाज जवळचा, त्याला बक्षीस. उरलेलं यंदा कामावरून काढलेल्यांच्या चुलीसाठी. गाडी नंतर साखळीने ओढून काढतात. समितीचे प्रमुख मिस्टर गॅरिटीच.

यंदा कुणाकडे भंगार गाडी नाही. कामच नाही तर जुनी कोण काढणार? तेवढ्यात मागून व्हर्लिंडन ओरडला. त्याला नाताळच्या आधीच घरी बसवलंय. "जपानी ठेवा रे! बुडताना बघायला जास्त मजा!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. बाकं बडवली. मिस्टर गॅरिटी तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "ठेवू की. पण त्यासाठी आधी कुणीतरी ती विकत घ्यावी लागेल."

"कोण घेईल? हिंमत आहे कुणाची?"

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

माणूस चांगला आहे, पण विनोद कळत नाही त्यांना.

माझं मात्र बसल्या जागी रक्त उसळलं. अख्ख्या गावात एक जपानी गाडी कुठे आहे, हे मला एकट्याला माहीत आहे.

रविवार, १७ जानेवारी

असली थंडी बापजन्मात पाहिली नाही. शून्याखाली वीस की पंचवीस, काटाच अडकलाय. दिवसभर फोन. चर्चच्या आवारात तर गाड्यांचं स्मशान झालं होतं. पाद्रीबुवांची पण ओढली.

संध्याकाळी काका स्टोव्हपाशी पाय शेकत बसले आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, टोयोटा म्हणजे नक्की काय प्रकार आहे हो?"

काकांना विषय लागतो. "अठ्ठावन्न साली मी कॅलिफोर्नियात नौदलात होतो. तेव्हा त्यांची पहिली गाडी आली बोटीतून. दिसायला पावरोटी! चढ लागला की उकळायची. आम्ही रस्त्याच्या कडेला बिअर घेऊन बसायचो, आता कुठली धूर सोडते म्हणून पैज लावायचो. दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळून गेले. आम्ही म्हटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला."

"मग?"

"मग कसलं काय! गेले नव्हतेच ते. घरी जाऊन धडा पाठ करत होते. पासष्टला परत आले तर गाडी चढ चढायला लागली. त्र्याहत्तरला पेट्रोलच्या रांगा लागल्या, तेव्हा आमचे हत्ती रांगेत उभे आणि ही शेळी थेंबभर पिऊन पळतेय. मीठ मात्र मानवत नाही हां त्यांना. आपल्या रस्त्यावरचं मीठ लागलं की पत्रा खालून विरघळतो. पाय खाली घालून पळवायची वेळ येते!"

"म्हणजे वाईटच."

"वाईट? अरे, महावाईट! बंद पडत नाहीत ना! आज किती ओढल्यास? त्यात एक तरी जपानी होती? हा त्यांचा सगळ्यात मोठा अवगुण. सगळं गाव टोयोटा चालवायला लागलं तर तुझा काका काय ओढणार, पोपटाचा पिंजरा?"

काका हसले. मला हसू आलं नाही. जी गाडी अशा थंडीतही चालू होते, तिच्यात बसून मॉरीन कुठेही, कधीही जाऊ शकते. असल्या भेटींना काही धरबंध हवा ना! दुसऱ्या एखाद्या गाडीने दोनतीनदा तरी दगा दिला असता.

मंगळवार, १९ जानेवारी

आज जवळून पाहिलं. शेताच्या वळणावर ट्रक आडवा लावून इंजिन बंद ठेवून बसलो होतो. आज मॉरीन स्वतः चालवत होती. एकटी असेल असं वाटलं, तर मागच्या सीटवर घोंगडी पांघरून कुणीतरी आडवं पडलेलं!

लपतोय लेकाचा. गावाबाहेर पडेपर्यंत तोंड लपवतोय आणि हिला पुढे घालून गाडी हाकायला लावतोय. काय मर्दपणा!

मॉरीनच्या डोळ्यांत पाणी होतं की काचेवर दंव, कळलं नाही. तिनं मला पाहिलं नाही.

बुधवार, २० जानेवारी

तिला बेकरीत गाठलं. ती तिथे गल्ल्यावर असते. म्हटलं, "मंगळवारी कुठे होतीस?"

"रुबेन, इथे नको."

"मग कुठे? कोठारात?"

तिच्या हातातला पाव खाली पडला. चेहरा पांढरा. "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे!"

"हळू बोल. प्लीज. हे बाहेर गेलं तर बाबा संपले. तू कुणाला बोलला नाहीस ना?"

बाबा संपले! हिच्या भानगडीने बापाची अब्रू जाईल, एवढं कळतं, पण भानगड सुटत नाही. मी म्हटलं, "नाव सांग त्याचं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुणाचं नाव?"

वर हे नाटक. मी दार आपटून निघालो. काच तडकली म्हणे. भरून देईन.

शुक्रवार, २२ जानेवारी

केलं. जे करायचं ते करून टाकलं.

शुक्रवारी ती गाडी कोठारातच असते. दुपारी काकांना सांगितलं, "समितीसाठी जपानी गाडी मिळाली."

काकांचा घास हातातच राहिला. "कुणाची रे?"

"कुणाचीच नाही."

"कुणाचीच नसलेली गाडी मी आयुष्यात पाहिली नाही." मग मिश्या पुसत म्हणाले, "पण तू म्हणतोस तर नसेल. मोठा कटर घे, कुलपाला लागेल." म्हाताऱ्याला यात भलतीच गंमत वाटत होती.

कुलूप तोडलं. कोठारात हिरवी गाडी अशी स्वच्छ पुसून ठेवलेली की बाहेरचं मीठ तिला शिवलंच नाही. गाडीच्या दाराला कुलूप नव्हतं. मागच्या सीटवर घोंगडी आणि उशी. उशी! निर्लज्जपणाची हद्द झाली. एक थर्मास, लोकरीचं अर्धवट विणकाम (मॉरीनला विणता येत नाही, म्हणजे आणखी कुणी बाई पण आहे की काय?) आणि बिनमिठाच्या बिस्किटांचा डबा. माझा अंदाज बरोबरच, माणूस म्हातारा आहे. रक्तदाबवाला.

पुढच्या कप्प्यात गाडीचे कागद असणार. उघडला नाही. नाव एकदा वाचलं तर ते माझ्या डोक्यातून मरेपर्यंत जाणार नाही.

बर्फावर नेली तेव्हा किनाऱ्यावर वीसएक माणसं जमली. व्हर्लिंडनने तर मला मिठीच मारली. "कुठून पैदा केलीस रे, वाघा?" मी म्हटलं, "उद्या मालक येईल रडत, तेव्हा बघा." आयुष्यात पहिल्यांदा या गावाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तेल-पाणी उद्या सकाळी सगळ्यांदेखत काढायचं ठरलं. समारंभच.

उद्या शनिवार. त्याला गाडी लागणार. येऊ दे.

शनिवार, २३ जानेवारी

हात बांधलेला आहे. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लागणार नाही. लागायची गरजही नाही.

सकाळी तळ्यावर सगळं गाव. कॉफीचे बंब, डोनट, पोरांच्या घसरगुंड्या. मधोमध हिरवी टोयोटा, शेपटाला साखळी. मी तिच्याजवळ उभा, येणाऱ्या प्रत्येक अनोळखी तोंडावर नजर ठेवून. अनोळखी तोंड एकही आलं नाही.

आली ती मिस्टर गॅरिटींची लांब गाडी. आचके देत, खोकत किनाऱ्याशी आली आणि तिथेच बसली. खालून काळं तेल बर्फावर सांडायला लागलं. मिस्टर गॅरिटी उतरले. कानटोपी, मफलर. मागे मॉरीन दिसली, आणि तिच्या खांद्याला टेकून मिसेस गॅरिटी.

"भाषण! अध्यक्षांचं भाषण!" लोकांनी वाट करून दिली. कुणीतरी कर्णा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. सरळ चालत माझ्यापुढे आले.

"रुबेन, हिचं तेल काढलंस?"

"नाही अजून. म्हटलं तुमच्या हातून..."

"पाणी?"

"ते पण नाही."

"देव पावला," ते म्हणाले आणि खिशातून किल्ली काढली.

मला खरंच वाटलं, त्या माणसाला गाठून त्यांनी किल्ली हिसकावली. मनात म्हटलं, बाप असावा तर असा. ते आत बसले. सीट पुढे-मागे करावी लागली नाही. आरसाही नाही.

किल्ली एकदाच फिरली. एकदाच. रात्रभर उघड्या बर्फावर उभी असलेली गाडी, किनाऱ्यावर निम्म्या गाड्यांना तारा जोडून धक्के द्यावे लागलेले, आणि ही मांजरीसारखी गुरगुरायला लागली. तो आवाज किनाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेला.

व्हर्लिंडन पुढे आला. "एमेट, ही... तुझी?"

"माझी."

"तू? टोयोटा?"

"नोव्हेंबरात आपली गाडी हायवेवर बसली, पीट. माझी नोरा मागे होती. तिला रक्त शुद्ध करायच्या मशीनवर जायचं असतं, आठवड्यातून तीनदा, मूत्रपिंडं गेलीत तिची. मदत येईपर्यंत दुपार झाली. त्या दिवशी मशीन चुकलं. रात्री डॉक्टर मला म्हणाला, पुन्हा असं झालं तर गाडी दुरुस्त करायची घाई करू नका." ते कुणाकडे बघत नव्हते. "दुसऱ्या दिवशी ग्रँड रॅपिड्सला जाऊन ही घेतली. तिच्या भावाची गोष्ट मी रचली. लाज वाटत होती म्हणून लपवली. वाटते अजून. पण परत घ्यायची वेळ आली तर परत घेईन."

"आमच्या पोटावर पाय देऊन!"

"हो," ते म्हणाले. "तुझ्या आणि माझ्याही."

मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"साखळी काढ, पोरा."

मी गुडघ्यावर बसलो. हातमोज्यातून साखळीचा आकडा सुटेना, म्हणून मोजा काढला. लोखंडाला हात चिकटला. साखळी सुटली तेव्हा तळव्याची कातडी तिच्यावरच राहिली. मी ओरडलो नाही. एवढं एकच धड केलं.

त्यांनी गाडी हळू किनाऱ्याला आणली. मिसेस गॅरिटींना दोघांनी धरून मागे बसवलं, उशी मानेखाली दिली. निघताना काच खाली करून ते समितीला म्हणाले, "बर्फावर गाडी हवी ना तुम्हाला? ती उभी आहे. तेल काढायची तसदीपण नाही, तिनं स्वतःच काढलंय."

गाडी वळली तेव्हा कुणीतरी बर्फाचा गोळा फेकला. गोळ्यात खडा होता. मागची काच टिचली. काका गरजले, "कोण रे तो भेकड?" पण त्यांचा आवाजही नेहमीसारखा नव्हता.

रविवार, २४ जानेवारी

अध्यक्ष बदलायचा का, यावर हॉलमध्ये मत घेतलं. हात वर व्हायच्या आधीच मिस्टर गॅरिटींनी हॉलच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि टोपी घालून निघाले. युनियनच्या कामासाठी मिळायची ती मोकळीक गेली. उद्यापासून ते पुन्हा भट्टीवर, दिवसपाळीला.

त्यांची लांब गाडी बर्फावर गेली. मीच ओढली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तिकिटं खपली.

एक गोष्ट मला अजून खुपते. मॉरीनने मला का नाही सांगितलं? मी काय परका होतो? सांगितलं असतं तर हे झालंच नसतं. तिचीही चूक आहेच की यात.

बुधवार, २७ जानेवारी

मॉरीन टोयोटा घेऊन गॅरेजमध्ये आली. हुकाने मागचा बंपर वाकवला होता मी, तो सरळ करायला. काका म्हणाले, "मला बाजारात काम आहे," आणि कोट न घालताच गेले.

मी हातोडी घेऊन लागलो. डाव्या हाताने. ती उभी होती.

शेवटी मीच म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू रागावलास की तुझं तोंड तुझ्या आधी गावभर फिरून येतं, रुबेन."

हे अगदीच अन्यायाचं आहे.

"मला एक सांग," ती म्हणाली. "तुला ती गाडी कुणाची वाटली?"

"कुणातरी... बाहेरच्या माणसाची."

"आणि मी त्या माणसाची कोण?"

मी बंपर ठोकत राहिलो.

"म्हणजे आपल्या गावातल्या कुणी टोयोटा घेतली असेल, हे काही तुझ्या मनात येईना. त्यापेक्षा मी वाईट असणं तुला सोपं वाटलं."

"मॉरीन, मी..."

"मागची उशी आईची आहे. बिस्किटं आईची. विणकाम तुझ्यासाठी होतं, तुझ्या वाढदिवसाला. आई विणत होती, मला येत नाही म्हणून." किती झाले विचारून तिनं काकांच्या डब्यात नोटा ठेवल्या आणि गेली.

शनिवार, ३० जानेवारी

गॅरेजमध्ये विचित्र गर्दी. गाडी दाखवायला कुणी येत नाही, नुसते येतात, कॉफी पितात, दारापर्यंत जातात आणि परत वळतात. आधी शाळेचा शिपाई, काकांना म्हणाला, "कॉर्नेलियस, त्या टोयोटाचे भाग मिळतात का रे इकडे? माझ्या मेव्हण्याला हवी आहे." मग पोस्टातली बाई, तिच्याही मेव्हण्याला. दुपारी पाद्रीबुवा. त्यांना मेव्हणा नाही, म्हणून त्यांनी एका मित्राचं नाव सांगितलं.

काका दार लावता लावता म्हणाले, "या गावात इतके मेव्हणे आहेत, हे मला माहीत नव्हतं. रुबेन, पुढच्या वर्षी आपण दोघं उपाशी."

मी पत्रा कुठे गंजतो ते सगळ्यांना सांगतोय. कुणी ऐकत नाही.

सोमवार, १ फेब्रुवारी

गॅरिटींकडे गेलो. मिस्टर गॅरिटी दिवसपाळीला, बेकरीवाला मॉरीनला आणखी सुट्ट्या देत नाही. हे काकांकडून कळलं, काकांना बेकरीवाल्याकडून. दारात मॉरीन. मी एका दमात म्हटलं, "मंगळवारी, गुरुवारी मी नेतो तुझ्या आईला."

"नको."

"मग कोण नेणार?"

"बघू. तू नको."

आतून मिसेस गॅरिटींचा आवाज आला, बारीक पण खणखणीत. "कोण आहे ते? कुलूप तोडणारा?"

"हो, आई."

"येऊ दे त्याला. सकाळी सहाला. आणि सांग, सारखं गाणं लावलेलं मला चालत नाही."

मॉरीनने दार लावलं. पण आपटलं नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

सहाच्या आधीच गेलो. अंधार, झोंबरं वारं. मिस्टर गॅरिटी अंगणात काचेवरचं बर्फ खरवडत होते. किल्ली माझ्या बऱ्या हातात ठेवली. म्हणाले, "क्लच हलका आहे. दाबू नकोस, नुसता पाय ठेव." एवढंच.

मिसेस गॅरिटी मागे घोंगडीत. गावाबाहेर पडल्यावर म्हणाल्या, "इतका वाकून का बसलायस? मान दुखेल."

मी इंजिन ऐकत होतो. शंभर मैल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठेतरी खडखड येईल, एखादा पट्टा कुरकुरेल, काहीतरी लपवलेलं असेलच, इतकं निर्मळ काही नसतं. एकदा वाटलं, ऐकू आलं. बाजूला घेऊन थांबलो.

"काय झालं?"

"आवाज येतोय."

त्यांनीही कान दिला. "माझ्या विणायच्या सुया आहेत त्या, डब्यात. चल आता, माझी वेळ होतेय."

हॉस्पिटलात मशीनच्या खोलीबाहेर बसून होतो. येताना त्या झोपल्या. तोंड पांढरंफटक, हात घोंगडीबाहेर, मनगटापाशी पट्टी. मी पुन्हा कान लावला. परतीचे शंभर मैलही ऐकले. काही सापडलं नाही.

अंगणात मॉरीन उभी होती, बेकरीच्या कपड्यांतच. आईला आत नेऊन बसवलं आणि परत आली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. ती गाडीभोवती फिरायला लागली. आधी बंपर पाहिला. मग चारही दारं, कोपरे. वाकून चाकं पाहिली. दार उघडून घड्याळांवरचे काटे पाहिले, हात लावून सीट पाहिली. मी कुठे ठोकली, कुठे थांबलो, काय बिघडवलं, सगळं शोधत होती.

मी किल्ली हातात धरून उभा राहिलो. जिभेवर बरंच काही आलं होतं. गिळलं. तिला सगळं बघू दिलं.